वाऱ्याचा सातबारा

यंदाच्या जुलैत माझी भाची जुन्या जालन्यातल्या आमच्या घरी आली, ती हातात एक कागद घेऊनच. ती बीड जिल्ह्यातल्या एका गावात दिलेली आहे आणि सध्या त्या गावची सरपंच आहे. कागद ग्रामपंचायतीच्या ठरावाचा होता. पण ठराव अजून झालेलाच नव्हता. मजकूर कंपनीच्या माणसाने टाइप करून आणला होता. ठराव क्रमांक, सभेची तारीख, सूचक आणि अनुमोदक एवढ्याच जागा कोऱ्या होत्या. अमुक गट नंबरांत पवनचक्क्या उभारण्यास, त्यासाठी रस्ता करण्यास व विद्युत वाहिनी टाकण्यास ग्रामपंचायतीची कोणतीही हरकत नाही, असा त्याचा सारांश.

‘‘मामा, यावर सही नाही केली तर काय होईल? आणि केली तर गावाला काय मिळेल?’’ तिने विचारले.

माझी सारी नोकरी पंचायत विभागात गेली. ठराव, कर आकारणी, अपिले यांतच केस पांढरे झाले. तरीही तिच्या दोन्ही प्रश्नांचे उत्तर मला चटकन देता आले नाही. ते शोधताना जे कायदे, नियम आणि मार्गदर्शक सूचना वाचल्या, त्यांतून हा लेख झाला. आज प्रश्न गोदावरीपलीकडच्या गावांचा आहे. उद्या तो आमच्या अंबड-घनसावंगीचा किंवा भोकरदन-जाफराबादचाही होऊ शकतो.

वारा मराठवाड्याकडे का वळला?

महाराष्ट्रात पवनचक्क्या म्हटले की आधी सातारा जिल्हा आठवतो. पाटण तालुक्यातले वनकुसवडे पठार, ठोसेघरजवळची चाळकेवाडी येथे नव्वदच्या दशकाच्या अखेरीस चक्क्या उभ्या राहू लागल्या. पुढे धुळे जिल्ह्यातील साक्री तालुका, सांगली आणि अहमदनगरचे डोंगरमाथे आले. त्या काळी गुंतवणुकीचे मोठे आकर्षण वीज नव्हते, प्राप्तिकर होता. यंत्राच्या किमतीचा मोठा भाग पहिल्याच वर्षी घसारा म्हणून दाखवता येई. त्यामुळे विजेशी काहीही संबंध नसलेल्या मंडळींनीही चक्क्या विकत घेतल्या. ही सवलत २०१२ मध्ये थांबली, २०१४ मध्ये परत आली आणि २०१७ पासून ऐंशी टक्क्यांची चाळीस टक्क्यांवर आली. आता कमाई खरोखर युनिटांवर अवलंबून आहे.

मग बालाघाटच्या पठाराकडे, म्हणजे बीड, धाराशिव, लातूरकडे कंपन्या का वळल्या? सह्याद्रीच्या माथ्याइतका वारा इथे नाही. याचे उत्तर यंत्राच्या उंचीत आहे. वाऱ्यातून मिळणारी शक्ती त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग सेकंदाला पाच मीटरवरून सहा मीटर झाला, तर शक्ती सुमारे पाऊणपट अधिक होते. जमिनीपासून जितके वर जावे तितका वारा जोराचा आणि सरळ. शिवाय पाते दुप्पट लांब केले की पात्यांनी व्यापलेले क्षेत्र चौपट होते. वनकुसवड्याच्या पहिल्या पिढीतली यंत्रे साडेतीनशे किलोवॅटच्या आसपासची होती. आजचे यंत्र तीन मेगावॅटचे असते. त्याचा मनोरा १४० मीटर आणि पात्यांच्या वर्तुळाचा व्यास तेवढाच किंवा थोडा जास्त. ज्या पठारावर पूर्वी चक्की परवडत नव्हती, तिथे ती आता परवडते. सोलापूर-धुळे महामार्गावर शहागडच्या आसपास एकेक पाते लादलेले लांबलचक ट्रेलर दिसतात, त्यांच्यामागे हे गणित आहे.

परवानगी कोणाची?

भाचीने पहिला प्रश्न विचारला होता : सही केली नाही तर? त्यासाठी आधी पाहिले पाहिजे की पवनचक्कीला कोणाकोणाची परवानगी लागते. मी यादी करायला बसलो तेव्हा न लागणाऱ्या परवानग्यांचीच यादी लांब होत गेली.

विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम ७ नुसार वीजनिर्मितीसाठी परवानाच लागत नाही. ग्रिडला जोडण्याची तांत्रिक मानके पाळली की झाले. पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या २००६ च्या अधिसूचनेत पवन प्रकल्प नाहीत. त्यामुळे पर्यावरण मंजुरी नाही आणि तिच्यासोबत येणारी जनसुनावणीही नाही. साखर कारखान्याच्या आसवनीला किंवा खाणीला जी सुनावणी चुकत नाही, ती इथे होतच नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१६ मध्ये उद्योगांचे रंगांनुसार वर्गीकरण केले, त्यात पवनऊर्जा पांढऱ्या गटात आहे. म्हणजे संमतिपत्राची गरज नाही, मंडळाला कळवले की पुरे.

जमिनीचे पाहू. शेतजमिनीचा बिगरशेती वापर करायचा तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४४ खाली जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. पण खऱ्याखुऱ्या औद्योगिक वापरासाठी १९९४ मध्ये कलम ४४-अ आले. त्यात बसणाऱ्याने आधी परवानगी घ्यायची नाही. वापर सुरू केल्यावर तीस दिवसांत कळवायचे. उरतो जमीनमालक. त्याच्याशी होणारे खरेदीखत किंवा पंचवीस-तीस वर्षांचा भाडेपट्टा हा दोघांचा खासगी व्यवहार आहे.

जंगलजमीन असेल तर चित्र बदलते. तिथे वनसंवर्धन कायदा आणि २००६ चा वनहक्क कायदा लागू होतो आणि ग्रामसभेला वजन येते. साक्री तालुक्यात आदिवासी शेतकऱ्यांनी वनजमिनीवरच्या चक्क्यांविरुद्ध आंदोलने केली, त्यांना हा आधार होता. भीमाशंकर अभयारण्यालगतच्या पवन प्रकल्पाची दखल माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने आपल्या २०११ च्या अहवालात घेतली, तीही पश्चिम घाटातल्या जंगलाच्या संदर्भात. भाचीच्या गावचा सगळा शिवार मात्र खासगी, सातबाऱ्यावरचा. पेसा कायदाही तिथे लागू नाही.

आता गंमत पाहा. ७३ व्या घटनादुरुस्तीने अकरावी अनुसूची आणली. पंचायतींकडे सोपवता येतील असे २९ विषय तिच्यात आहेत. त्यातला पंधरावा विषय ‘अपारंपरिक ऊर्जा साधने’ हाच आहे. म्हणजे राज्यघटनेने हा विषय पंचायतीच्या नावावर टाकण्याची सोय १९९३ पासून करून ठेवली आहे. यादीत नाव आहे, पण ताबा मिळालेला नाही. आपल्याकडे वडिलांच्या मरणानंतर कित्येक बहिणींचे सातबाऱ्यावर असते तसे.

मग ठराव कशासाठी?

कायद्याने लागत नाही, तर कंपनी ठरावासाठी एवढी धडपड का करते? कारण व्यवहारात तो लागतो. कर्ज देणारी बँक कागद बघते, वाहिनीच्या मंजुरीच्या वेळी कोणी तक्रार केली तर तो दाखवता येतो, आणि पोलीस बंदोबस्त मागताना ‘गावाची हरकत नाही’ हे सांगता येते. शिवाय पाते घेऊन येणारा ट्रेलर पाणंद रस्त्यावरून वळवायचा असतो. गाव आडवे बसले तर कलमे हातात घेऊन ट्रेलर पुढे जात नाही.

म्हणजे ठरावाला कायद्याचे बळ कमी आणि व्यवहाराचे बळ जास्त आहे. सगळी अडचण इथेच सुरू होते. ज्या अधिकाराची कार्यपद्धती ठरलेली असते, त्याच्या अटी, मुदत, अपील हे सगळे ठरलेले असते. ज्याची पद्धतच नाही, त्याची किंमत प्रत्येक गावात, प्रत्येक माणसागणिक वेगळी ठरते.

पंचायतीचा एक अधिकार मात्र निर्विवाद कागदावर आहे, तो म्हणजे कराचा. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम १२४ खाली पंचायतीला इमारती आणि शेतसारा नसलेल्या जमिनी यांवर कर बसवता येतो. पवनचक्की ही ‘इमारत’ आहे का, असा वाद कंपनीचा वकील घालू शकतो. मोबाइल मनोऱ्यांबाबत असाच वाद झाला होता. १६ डिसेंबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबाद महापालिकेच्या प्रकरणात निकाल दिला की, करासाठी ‘इमारत’ हा शब्द व्यापक अर्थाने घ्यायचा आणि मनोऱ्यावर मालमत्ता कर बसू शकतो. पवनचक्कीचा प्रश्न त्याच जातीचा आहे. पाया, मनोरा, उपकेंद्राची खोली, कुंपण यांची मोजणी करून नमुना ८ मध्ये नोंद घेणे हे पहिले काम. नोंद नाही तर मागणी नाही, आणि मागणी नाही तर वसुली नाही. कलम १२५ मध्ये कारखान्याशी करार करून करांऐवजी ठोक रक्कम घेण्याचीही वाट आहे. पण ठोक रकमेत पुन्हा घासाघीस आली. तिचा हिशेब ग्रामसभेपुढे मांडला गेला नाही, तर गावाला कळतही नाही की कितीवर तोडले.

पाचशे मीटर कुठून मोजायचे?

अंतराबाबत केंद्र सरकारच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाच्या २२ ऑक्टोबर २०१६ च्या मार्गदर्शक सूचना आहेत. सार्वजनिक रस्ता, रेल्वे, इमारती आणि अतिउच्च दाबाच्या वाहिन्या यांपासून मनोऱ्याची उंची, अधिक पात्यांच्या वर्तुळाचा अर्धा व्यास, अधिक पाच मीटर, इतके अंतर ठेवायचे. मनोरा १४० मीटर आणि व्यास १४४ मीटर असेल, तर हे अंतर २१७ मीटर होते. यंत्र आडवे पडले तरी रस्त्यावर पडू नये, एवढाच यामागचा हिशेब. आवाजासाठी वेगळी अट आहे : राहत्या घरापासून ५०० मीटर.

पाचशेच का? मोठ्या चक्कीचा आवाज उगमापाशी शंभर डेसिबलच्या वर असतो. अर्ध्या किलोमीटरवर तो साधारण चाळीसपर्यंत उतरतो. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांत निवासी भागासाठी रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. दोन्ही आकडे जवळजवळचे आहेत. शहरात हा आवाज ऐकूही येणार नाही. शिवारातल्या रात्रीच्या शांततेत पात्यांचा लयीतला ‘हूऽ हूऽ’ मात्र जाणवतो.

आता मराठवाड्यातली खरी अडचण. पाचशे मीटर कुठून मोजायचे? भाचीने आणलेल्या नकाशावर कंपनीने अंतर गावठाणापासून दाखवले होते. ते दीड किलोमीटरच्या वर भरत होते. पण आपल्याकडे निम्मे गाव शेतवस्तीवर राहते. विहिरीजवळ दोन खोल्या, पुढे पत्र्याचा गोठा, त्यात म्हातारा-म्हातारी आणि जनावरे. या वस्त्या महसुली नकाशावर नसतात आणि पुष्कळदा नमुना ८ मध्येही नसतात, कारण नोंद केली की घरपट्टी लागते. दहा-वीस वर्षे वाचवलेली घरपट्टी अशा वेळी महागात पडते. कागदावर घर नाही, तर घरापासूनचे अंतरही नाही. तिने दोन पोरांना मोबाइल देऊन सगळ्या वस्त्यांची ठिकाणे नकाशावर टिपून घ्यायला लावली. आठ चक्क्यांपैकी तीन कुठल्या ना कुठल्या वस्तीपासून पाचशे मीटरच्या आत येत होत्या. एक तर साडेतीनशेवर.

मार्गदर्शक सूचना म्हणजे कायदा नव्हे. त्या मोडल्या तर दंड कोणी करायचा, हे गावातल्या माणसाला सांगता येत नाही. म्हणून मोजणी आधी करून ती लेखी मांडणे महत्त्वाचे. पाया भरल्यानंतर अंतर मोजून काय उपयोग? तो काँक्रीटचा ठोकळा पुन्हा कोणी उचलत नाही.

तारांचेही असेच आहे. वाहिनीच्या मनोऱ्यांसाठी केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने जून २०२४ मध्ये भरपाई वाढवली : मनोऱ्याच्या पायाखालच्या जमिनीला बाजारभावाच्या दुप्पट आणि तारांखालच्या पट्ट्याला तीस टक्के. शेतकरी हे आकडे सांगत कंपनीकडे जातात आणि निराश होऊन परततात. कारण या सूचना ६६ किलोव्होल्ट आणि त्यावरच्या वाहिन्यांसाठी आहेत. चक्कीपासून उपकेंद्रापर्यंतची वाहिनी बहुधा ३३ किलोव्होल्टची असते. तिचा खांब बांधावर येतो, मोबदला मात्र तोंडी ठरतो.

बंद दाराआडचा सौदा

एका चक्कीमुळे गावात तीन प्रकारचे लोक तयार होतात. ज्याच्या गटात मनोरा येतो त्याला एकरकमी पैसा मिळतो. ज्याच्या बांधावरून रस्ता किंवा तार जाते त्याला थोडे मिळते, कधी वायदाच मिळतो. तिसऱ्याला फक्त धूळ, आवाज आणि खचलेला पाणंद रस्ता मिळतो. या तिघांना एका जागी बसवून बोलायला लावणारी कोणतीही पायरी प्रक्रियेत नाही. मग कंपनी एकेकाला गाठते. त्यासाठी स्थानिक माणूस लागतो. तो जमिनी मिळवून देतो, मुरमाचे काम घेतो, गाड्या लावतो, विरोध मिटवतो. विरोध मिटवण्याचे पैसे मिळतात हे एकदा कळले, की विरोध उभा करण्याचेही पैसे मिळू लागतात.

९ डिसेंबर २०२४ रोजी केज तालुक्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचे अपहरण करून त्यांचा खून करण्यात आला. पवनऊर्जा कंपनीकडे मागितलेल्या दोन कोटींच्या खंडणीच्या आड ते आले म्हणून हा खून झाला, असा तपास यंत्रणेचा आरोप आहे. खटला न्यायालयात आहे. दोषी कोण हे न्यायालय ठरवील. महाराष्ट्राने या घटनेची चर्चा गुंडगिरी, जात आणि राजकारण यांच्या अंगाने पुष्कळ केली, आणि ते योग्यच होते. मला पंचायत विभागातला जुना माणूस म्हणून आणखी एक गोष्ट दिसते. जिथे कोट्यवधींच्या प्रकल्पाचा गावातला व्यवहार उघड्यावर करण्याची कायदेशीर जागा नाही, तिथे तो बंद दाराआड होतो. आणि बंद दाराआड दांडग्याचेच चालते. गावाला अधिकार दिले तर प्रकल्प अडतील, अशी भीती नेहमी घातली जाते. अधिकार न दिल्यामुळे प्रकल्प अडायचे थांबले नाहीत; अडवणारे तेवढे बदलले.

दुसरीकडे काय करतात?

डेन्मार्कने २००९ पासून दहाएक वर्षे नियमच केला होता की, नव्या चक्क्यांतला किमान वीस टक्के हिस्सा साडेचार किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांना विकत घेण्यासाठी देऊ करायचा. जर्मनीत २०२१ पासून अडीच किलोमीटर परिसरातल्या गावांना प्रत्येक युनिटमागे ०.२ सेंट देण्याची सोय आहे. तीन मेगावॅटची चक्की वर्षाला सत्तर लाख युनिट वीज देते असे धरले, तर ही रक्कम तेरा-चौदा लाख रुपयांच्या घरात जाते. याच्या उलट बव्हेरियाने २०१४ मध्ये उंचीच्या दहापट अंतराचा नियम केला आणि नव्या चक्क्या जवळपास थांबल्या. पुढे तो सैल करावा लागला. नुसते अंतर वाढवत नेणे हाही उपाय नव्हे.

इतके दूर जायला नको. तमिळनाडूत कोइंबतूर जिल्ह्यातल्या ओडनथुराई ग्रामपंचायतीने २००६ मध्ये कर्ज काढून सुमारे एक कोटी पंचावन्न लाखांची साडेतीनशे किलोवॅटची चक्की स्वतःच घेतली. तिच्या विजेवर गावाची गरज भागते आणि उरलेली वीज विकली जाते.

आणि सर्वांत जवळचे उदाहरण आपल्याच सरकारचे आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मध्ये खासगी जमिनीचे भाडे हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये, दरवर्षी तीन टक्के वाढ, आणि ग्रामपंचायतीला वर्षाला पाच लाख याप्रमाणे तीन वर्षांत पंधरा लाख, असे आकडे शासनाने जाहीर केले. ते पुरेसे आहेत का, यावर वाद घालता येईल. पण आकडे उघडे आहेत म्हणूनच वाद घालता येतो. सूर्याच्या विजेला जे जमले ते वाऱ्याच्या विजेला का जमू नये? प्रति युनिट हिस्सा, वस्तीसह मोजलेले अंतर, ग्रामसभेत वाचून दाखवलेला करार, आणि यंत्राचे आयुष्य संपल्यावर ते उतरवण्यासाठी आधीच ठेवलेली अनामत, एवढ्या चार गोष्टी एका शासन निर्णयात बसतात. शेवटची बाब दूरची वाटेल. पण साताऱ्याच्या पहिल्या चक्क्यांनी पंचविशी गाठली आहे. पात्यांच्या फायबरला भंगारवालाही सहज हात लावत नाही.

कोरा कागद

भाचीला मी शेवटी एवढेच सांगितले : नाही म्हणण्याचा पक्का अधिकार तुला नाही, पण विचारण्याचा आहे, आणि जे ठरेल ते लिहून ठेवण्याचा आहे. टाइप केलेल्या कागदावर सही करू नकोस. विषय ग्रामसभेत घे.

२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत तिने तो घेतला. आदल्या दिवशी महिलांची सभा झाली, तिथे वस्तीवरच्या बायका पहिल्यांदा बोलल्या. ठराव झाला तो हरकतीचाही नव्हता आणि ना-हरकतीचाही नव्हता. तीन चक्क्यांच्या जागा बदलाव्यात, रस्ता व तारेचा मोबदला लेखी द्यावा, सर्व बांधकामांची नमुना ८ मध्ये नोंद होईल, आणि कंपनीने ग्रामपंचायतीला द्यायची कोणतीही रक्कम ग्रामनिधीच्या खात्यातच जमा करावी, अशा अटी इतिवृत्तात आल्या. वस्तीवरच्या एकवीस घरांनी स्वतःहून घरपट्टीसाठी अर्ज दिले.

सभेनंतर तिच्या नवऱ्याला फोन आले. कोणाचे, ते तिने सांगितले नाही. ‘‘मामा, सगळ्या गावाची सही आहे म्हटल्यावर एकट्या मला कोण काय म्हणणार?’’ एवढेच ती म्हणाली. माझी काळजी तेवढ्याने गेली नाही.

कंपनीने एका चक्कीची जागा बदलल्याचे कळवले आहे. बाकीच्या अटींवर हा लेख छापायला जाईपर्यंत लेखी उत्तर आलेले नाही. तो पहिला कागद माझ्या टेबलाच्या खणात आहे. ठराव क्रमांकाची जागा अजून कोरीच आहे.